फक्त वेळ मोजला

माझा स्वभाव संशयी आहे आणि मला पगार त्याचाच मिळतो. ॲम्ब्युलन्स पाठवणाऱ्या केंद्राचा सर्व्हर किती गर्दी झेलतो, ते मी तपासते. दोन हजार खोटे कॉल एकदम सोडायचे आणि प्रत्येकाला उत्तराचं पान किती वेळात येतं ते मोजायचं.

त्याच केंद्रात माझी ताई फोन घेते. महिन्यापूर्वी तिच्याकडून एक गाडी अकरा मिनिटं उशिरा निघाली. "स्क्रीन कोरी झाली होती," एवढंच ती सांगत राहिली. पण माझ्या अहवालात सर्व्हर ठणठणीत होता आणि तोच अहवाल तिच्याविरुद्ध लावला गेला. शुक्रवारी चौकशी होती. नोकरी जाणार हे जवळजवळ ठरलेलंच. खरं सांगायचं तर ताई काहीतरी लपवतेय असं मलाही वाटत होतं. "डुलकी लागली होती का गं?" असं मी एकदा विचारलंही. तेव्हापासून ती माझ्याशी बोलत नाही.

बुधवारी सकाळी जादूगार माझ्या टेबलाशी आला. सर्व्हर वेगवान करायला नवीन आणलेल्या माणसाला आम्ही ठेवलेलं हे नाव. "मॅडम, घ्या चाचणी. आता निम्म्या वेळात उत्तर देतो."

घेतली. पाचशे कॉलना जेवढा वेळ लागला, त्याहून कमी दोन हजारांना लागला. माझ्या मनात शंकेची पाल चुकचुकली. गर्दी वाढली की कुठलाही सर्व्हर दमतो. हा उलट पळत सुटला होता. बेट्याने माझी चाचणी ओळखून तेवढ्यापुरती चलाखी केली असणार! जेवण सोडून मी त्याचा कोड ओळ न् ओळ चाळला. काहीच सापडलं नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला. शेवटी आजवर कधी केलं नव्हतं ते केलं. आलेली उत्तरं उघडून वाचली.

दर दहातली चार कोरी होती. कोरं पान पाठवायला वेळ तो कितीसा लागणार?

ती कोरी उत्तरं छापून घेऊन मी तणतणत त्याच्याकडे गेले. "हा तुमचा वेग? रिकामी पाकिटं वाटताय होय?"

त्याने माझ्या हातातले कागद नीट पाहिले. "मॅडम, हे माझ्या आधीचं असेल. तुमची चाचणी उत्तर आलं का, एवढंच बघते. काय आलं ते बघतच नाही. जुनी उत्तरं साठवलेली असतील ना? काढून बघा."

राग आला, तरी काढली. मागच्या वर्षीच्या चाचणीतही गर्दी वाढल्यावर वेळ असाच घसरला होता. दहातली पाच पानं कोरी. आणि खाली माझ्या सहीनिशी शेरा, 'उत्तम'. चाचणी मीच लिहिलेली, सहा वर्षांपूर्वी. सगळ्या जगावर संशय घेतला, सख्ख्या बहिणीवरही घेतला, माझ्या या चाचणीवर तेवढा घ्यायचा राहिला. इतकी लाज वाटली की खुर्चीतून उठवेना.

ताईला फोन लावला. तिसऱ्यांदा तिने उचलला.

"ताई, स्क्रीन खरंच कोरी झाली होती गं. चूक माझ्या अहवालात आहे."



"हे मला काय सांगतेस?" ती म्हणाली. "मी तिथेच बसले होते. शुक्रवारी त्यांना येऊन सांग."