अर्जातलं कारण

"चार दिवसांत चार मॅची, त्याबी ऐन दिवाळीत. ह्यांच्या घरात चुली हायेत का न्हाई, कोण जाणे," द्वारकाबाई सुपातल्या हरभऱ्याच्या डाळीला सांगत होत्या. डाळीनं काही उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही, कारण कुरकुर संपली की द्वारकाबाई स्वतःच सगळ्यांच्या आधी तयार होऊन बसतात, हे मला माहीत होतं.

आम्ही दोघी तातेरावांच्या ओट्याखाली, भिंतीच्या सावलीत भाजणीचं धान्य निवडत बसलो होतो. ओट्यावर पुरुष मंडळी होती. भोकरदनहून दिवाळी सामन्यांचं पत्र आलं होतं आणि वामन मास्तर ते वाचून दाखवत होते. चतुर्दशीला जाफराबाद, अमावास्येला जालना, पाडव्याला सिल्लोड, भाऊबीजेला खुद्द भोकरदन. सगळे सामने सायंकाळी साडेचारला.

"साडेचारला" हा शब्द आला आणि ओट्यावर सगळे एकदम गप्प झाले.

त्याचं कारण ओट्याच्या टोकाला बसलं होतं आणि सायकलच्या पंपानं बॉलमध्ये हवा भरत होतं. श्रीपती, द्वारकाबाईंचा धाकटा भाऊ. जालन्याला जिनिंगमध्ये सहा वर्षं कामाला होता, तिथं फुटबॉल शिकला आणि परत येताना पेटीत कपड्यांऐवजी बॉल घेऊन आला. दुष्काळात पाझर तलावाच्या कामावर असताना त्यानं मुकादमाशी गोड बोलून गावठाणाची उतरती जागा सपाट करून घेतली. केदारखेड्याला टीम आहे ती त्याच्यामुळं. पहिल्या दिवसापासून गोलात तोच उभा राहतो.

आणि गेल्या दिवाळीपासून, दिवस कलला की श्रीपतीला बॉल दिसत नव्हता.

हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या बायकोला, ताराला ठाऊक होतं, कारण संध्याकाळी तो हात लावून उंबरा शोधायचा. द्वारकाबाईंना ठाऊक होतं, म्हणून त्या दर दोन दिवसांनी डोळ्यांसाठी शेवग्याच्या पाल्याची भाजी त्याच्याकडे पाठवायच्या. "जास्त झाली व्हती," असा निरोप सोबत. वर्षभर भाजी जास्तच होत होती. श्रीपतीही ती खात होता आणि कशी काय एवढी जास्त होते, असं कधी विचारत नव्हता. आम्हाला ठाऊक आहे हे त्याला ठाऊक होतं. फक्त बोलायचं नाही, असं न ठरवता ठरलं होतं.

मग तो खेळत कसा होता? तर द्वारकाबाईंमुळं. त्या गोलाच्या मागे उभ्या राहायच्या. डावा-उजवा त्यांच्या तोंडात पटकन येत नाही, म्हणून आमच्या मैदानाच्या एका अंगाला मारुतीचं देऊळ आणि दुसऱ्या अंगाला विहीर, तेच त्यांनी धरलं. बॉल देवळाच्या बाजूनं आला की "मारुती, मारुती" आणि विहिरीच्या बाजूनं आला की "विहीर". श्रीपती आवाजासरशी झेप घ्यायचा. दुसऱ्या मैदानावर गेलं तरी शब्द तेच, बाजू आधी ठरवून. बाहेरगावच्या टीमला वाटायचं, बाई भक्त आहे. एकदा हसनाबादच्या कप्तानानं त्यांना वाकून नमस्कार केला होता. त्या दिवशी आम्ही दोन-एकनं जिंकलो.

तेव्हा ओट्यावर जो वाद चालला होता, तो वरून बघणाऱ्याला तारखांचा वाटला असता. खरं म्हणजे सणाच्या कामात द्वारकाबाईंना जमलं नाही तर कोणत्या दिवशी गोलामागे कोण उभं राहणार, हाच तो वाद होता. तातेराव म्हणाले की अमावास्येला गावाबाहेर पाऊल टाकायचं म्हणजे अवघड, त्यांच्या घरात वडलांपासून ते चालत नाही. संपत म्हणाला की त्याच्या वस्तीनं छप्पन सालीच, दीक्षा घेतली तेव्हा, अमावास्या सोडून दिली, त्या दिवशी वस्तीतली माणसं तो बस भरून आणील, तातेरावांनी खुशाल घरात बसून लक्ष्मीपुढं दिवा लावावा. तातेरावांना हे लागलं. ते म्हणाले, मग मीही येतो, बघू काय होतंय. भाऊबीजेचा विषय निघाला, त्या दिवशी बायका कशा येणार. द्वारकाबाईंनी खालूनच सांगून टाकलं की त्यांचा भाऊ गोलात असतो, ताट तिथंच नेता येईल.

जालन्याच्या टीमला कसं अडवायचं, याबद्दल कोणी चकार शब्द काढला नव्हता.

एवढं सगळं जुळत आलं, तेव्हा संपतनं वामन मास्तरांच्या हातातलं पत्र सहज म्हणून घेतलं. त्याची नजर खाली गेली आणि तिथंच थांबली.

"मास्तर, ही खालची ओळ तुम्ही वाचलीच न्हाई."

वामन मास्तर चष्मा पुसायला लागले. ओळ त्यांनी मुद्दाम गाळली होती, हे तिथं बसलेल्या प्रत्येकाला कळलं. संपतनं ती वाचली: गोलखांबांच्या मागे प्रेक्षकांना उभे राहण्यास सक्त मनाई आहे.

श्रीपतीचा पंप थांबला. मग परत सुरू झाला, जरा जास्तच जोरात.

इथं वामन मास्तरांची अडचण सांगायला पाहिजे. दोन वर्षं ते टीमचे दुसरे गोलकीपर होते, म्हणजे दोन वर्षं टॉवेल सांभाळत बसून होते. श्रीपतीला दिसत नाही हे त्यांनी म्हटलं असतं, तर जागेसाठी म्हटलं असं झालं असतं. म्हणून सगळ्यात जास्त गप्प तेच. पत्रातली ओळसुद्धा त्यांनी त्यामुळंच गिळली असणार.

आता उपाय निघायला लागले. तातेराव म्हणाले, मागे नाही तर बाजूला उभं राहू. संपतनं ते लगेच मोडलं. बाजूला उभं राहिलं की बॉल जवळ आला का लांब आहे तेच कळत नाही. बॉलला चुना लावू, असं एकानं सुचवलं. दुसरा म्हणाला, घुंगरू बांधू. त्यावर कोणी हसलं नाही, यावरून काय ते समजा. कोणाच्याही तोंडून "हे कशासाठी" असं निघालं नाही. चुना लावायचा म्हणजे बॉल शोभून दिसावा म्हणून, अशा थाटात सगळे बोलत होते. आणि मागे हटायची भाषा मात्र कोणीच करत नव्हतं. जायचं ठरलं होतं आणि श्रीपतीसकट जायचं ठरलं होतं.

शेवटी संपत म्हणाला, सरळ अर्ज करू. सामने सकाळी ठेवा म्हणून. सकाळी नऊला ऊन कोवळं असतं, मैदान मोकळं असतं. हे सगळ्यांना पटलं. वामन मास्तरांनी वहीचं पान काढलं, गुडघ्यावर पाटी ठेवली आणि झरझर लिहायला लागले. माननीय सचिव, दिवाळी फुटबॉल सामने, भोकरदन. आमच्या संघाचे सर्व सामने सकाळी नऊ वाजता ठेवावेत ही नम्र विनंती. कारण की.

इथं पेन थांबलं.

"कारण काय लिहू?" मास्तरांनी पानाकडे बघतच विचारलं.

तातेराव म्हणाले, लिहा, संध्याकाळी गुरांच्या धारा असतात. संपत म्हणाला, तिकडच्या लोकांना काय गुरं नाहीत? मग बायकांना स्वयंपाक असतो, असं निघालं. त्यावर मीच खालून म्हटलं की सकाळीही असतो, कधी विचारून बघा. अखेर एसटीचं कारण सगळ्यांना बरं वाटलं. मास्तरांनी लिहिलं, बससेवा गैरसोयीची असल्यामुळे.

श्रीपतीनं बॉलची वादी आवळून गाठ मारली आणि बॉल मांडीवर घेतला.

"काय लिहिलं, मास्तर?"

मास्तरांनी वाचून दाखवलं.

"सांजची परतीची साडेसहाची गाडी आपल्या फाट्यावर थांबती," श्रीपती म्हणाला. "भोकरदनवाल्यांनाबी ठाऊक हाय ते. असा अर्ज ते फाडून टाकतेल. सकाळी खेळायचं असंल तर बराबर कारण लिहा."

श्रीपतीची मान खाली होती. ऊन ओट्यावरून उतरून समोरच्या भिंतीवर गेलं होतं आणि तो बॉलवर अंगठा फिरवत होता, शिवण कुठं आहे ते चाचपल्यासारखा. तातेरावांनी काड्यापेटी काढली आणि परत ठेवली. मास्तरांनी "बससेवा" या शब्दावर एक आडवी रेघ मारली आणि पेन हातात धरून बसून राहिले.

द्वारकाबाईंनी सूप माझ्याकडे सरकवलं. पदराला हात पुसले आणि ओट्याच्या दोन पायऱ्या चढून त्या मास्तरांच्या पुढ्यात उभ्या राहिल्या. एरवी पुरुष बसलेले असताना त्या ओट्यावर चढत नाहीत.

"अक्का," श्रीपती म्हणाला.

"तू बस," त्या त्याला म्हणाल्या, आणि मग मास्तरांना: "लिहा, मास्तर. आमच्या श्रीपतीला दिवस कलल्यावर दिसत न्हाई. सकाळी बराबर दिसतं. चारी मॅची तोच खेळणार हाय, म्हणून सकाळी ठेवा."