हेमाला न आलेल्या कांजिण्या

दिगंबर खांबेट्यांना नागीण झाली, ही बातमी खुद्द खांबेट्यांच्या आधी शेजारच्या श्यामलाबाईंना कळली. त्यात नवल काही नाही. शनिवार पेठेतल्या त्या इमारतीत गॅलऱ्या एकमेकींना इतक्या चिकटून होत्या, की इकडे कुणी शिंकलं तर तिकडे सुंठ उगाळायला घेत.

खांबेटे गॅलरीत बनियन वर करून बरगडी चोळत होते. उजव्या बाजूला आग आग होत होती, आणि पित्त आहे असं स्वतःच ठरवून ते आवळासुपारी चघळत बसले होते. निवृत्त गणित शिक्षक. दुसऱ्याचं निदान ऐकून घ्यायची सवय नव्हती.

"मला कुणी विचारलेलं नाही, पण सांगते," श्यामलाबाई कठड्यावरून म्हणाल्या. "ती नागीण आहे. शेपूट पाठीला आणि तोंड बेंबीकडे निघालंय. दोन्ही टोकं जुळली की संपलं."

"काय संपलं?"

"तुम्ही," श्यामलाबाई म्हणाल्या, आणि गेरू आणायला आत गेल्या.

एरवी खांबेट्यांनी असल्या गोष्टीला भीक घातली नसती. पण येत्या रविवारी हेमा यायची होती आणि त्याआधी संपून चालणार नव्हतं. तेव्हा त्यांनी मुकाट्याने गेरू लावून घेतला.

हेमा ही त्यांची धाकटी. दोन वर्षांपूर्वी तिने कात्रजच्या संपतशी लग्न केलं. घरची शेती, विटा-वाळूचा धंदा, पोरगा सुपारीचंही व्यसन नसलेला. खांबेट्यांची हरकत एवढीच, की त्यांना आधी विचारलं नव्हतं. त्या रागात त्यांनी दारात उभं राहून तिला बजावलं, की या घरात पुन्हा येऊ नकोस. रागात माणूस वाट्टेल ते बोलतो आणि पोरीही ते कुठे मनावर घेतात! पण हेमा पडली त्यांचीच मुलगी. ती आली नाही.

आता तिचं पहिलं बाळंतपण. ते माहेरीच व्हायचं, या रिवाजाला धरून वासंतीबाईंनी कात्रजला खेपा घातल्या, विहिणीला राजी केलं, लेकीला राजी केलं. नवऱ्याला काही विचारलं नाही. खांबेटेही त्यावर चकार शब्द बोलले नाहीत. फक्त मधली खोली रंगवून घेतली, पंखा बदलला, आणि पाळण्याचं कडं वजन पेलतं का हे बघायला स्टुलावर चढून स्वतः त्याला लोंबकळले. या वयात! खाली येताना स्टूल सरकलं, तेही त्यांनी कुणाला सांगितलं नाही.

गेरूने आग थांबेना, तेव्हा वासंतीबाईंनी त्यांना पुढे घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर सरोजिनी लिमये यांनी गेरू पुसायला लावला आणि विचारलं, "लहानपणी कांजिण्या आल्या होत्या?"

"आल्या होत्या."

"मग त्याच ह्या. कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातून जात नाही. मज्जातंतूंमध्ये दडी मारून बसतो. वय झालं, प्रतिकारशक्ती कमी पडली, की असा वर येतो. तोंड नाही आणि शेपूट नाही. शरीराच्या एका बाजूला पट्टा उमटतो आणि मध्यावर थांबतो. टोकं जुळण्याची वाट बघू नका."

खांबेट्यांना बरं वाटलं. तेवढ्यात वासंतीबाईंनी विचारलं, "म्हणजे ही दुसऱ्याला लागत नाही ना?"

"नागीण लागत नाही. पण या फोडांतल्या पाण्यातून कांजिण्या लागतात. ज्यांना त्या पूर्वी आलेल्या नाहीत, त्यांना. सगळ्या फोडांवर खपल्या धरेपर्यंत जपायचं, झाकून ठेवायचं, टॉवेल-चादर वेगळी. घरात तान्हं मूल, गरोदर बाई, कॅन्सरची औषधं घेणारं कुणी आहे?"

"मुलगी येतेय बाळंतपणाला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "तिला कांजिण्या येऊन गेल्यात?"

"आल्या की! दोन्ही मुलांना कडुलिंबाच्या पाण्याने मीच न्हाऊ घातलंय," वासंतीबाई म्हणाल्या.

"मग हरकत नाही. नसत्या आल्या, तर मी तिला यांच्या आसपास फिरकू दिलं नसतं. गरोदरपणात कांजिण्या म्हणजे न्यूमोनियापर्यंत मजल जाते. आणि ऐन बाळंतपणाच्या सुमारास आल्या, तर बाळाच्या जिवावर बेततं."

खांबेटे सदऱ्याची बटणं लावत होते. ती लावून झाल्यावर त्यांनी पुन्हा वरून सुरुवात केली. कारण हेमाला कांजिण्या आल्याच नव्हत्या.

आल्या होत्या श्यामसुंदरला, तिच्या थोरल्या भावाला. हेमा तेव्हा चौथीत होती आणि स्कॉलरशिपची परीक्षा तोंडावर होती. श्यामच्या पाठीवर पहिला फोड दिसला, तसं खांबेट्यांनी हेमाला उचललं आणि थेट लोणी काळभोरला बहिणीकडे नेऊन ठेवलं. पुण्यात मुलाला काय झालं याला फारसं महत्त्व नसतं. परीक्षेच्या आधी झालं की नंतर, हे लोक पाहतात. परीक्षा झाल्यावर ती घरी आली. घरातून कांजिण्या गेल्या की सगळ्या पोरांना कडुलिंबाने न्हाऊ घालायचं, या पद्धतीप्रमाणे वासंतीबाईंनी दोघांनाही न्हाऊ घातलं, आणि त्यांच्या डोक्यात ते न्हाणंच राहिलं. हेमाला स्कॉलरशिप मिळाली. कांजिण्या मिळाल्या नाहीत. पुढे कित्येक वर्षं खांबेटे ही हकिकत वर्गात सांगत, दूरदृष्टी म्हणजे काय याचं उदाहरण म्हणून.

आता ती दूरदृष्टी घशात अडकली होती. बोलावं, तर हेमा येणार नाही. बरं, नागिणीमुळे नको म्हणतोय यावर विश्वास कोण ठेवणार? बापाने दुसऱ्यांदा दार लावलं, असंच कात्रजला म्हणतील, आणि मग ती जन्मात येणार नाही. खांबेटे दवाखान्यातून तोंडाला कुलूप लावून बाहेर पडले.

वासंतीबाई तशाच मंडईकडे वळल्या. डिंक आणायचा होता, अळीव आणायचे होते, लाडवांचा घाट घालायचा होता. त्या इतक्या खुशीत होत्या, की रिक्षावाल्याशी घासाघीससुद्धा केली नाही. खांबेट्यांना ते बघवेना.

घरी येऊन ते मधल्या खोलीत बसले. बनियन घालू, वर सदरा घालू, बाळाला लांबूनच बघू, जेवायला वेगळे बसू. काय बिघडणार आहे? गणित जवळजवळ सुटलं होतं. मग त्यांचं लक्ष पलंगाकडे गेलं. नव्या पंख्याखाली गार वाटतं म्हणून ते रोज दुपारी तिथेच आडवे होत. हेमासाठी घातलेल्या कोऱ्या चादरीवर, उजव्या बाजूला, फुटलेल्या फोडांचे ओलसर डाग पडले होते.

खांबेटे उठून उभे राहिले. आपण किती हलकट आहोत, असं त्यांना वाटलं आणि ते त्यांनी मोठ्याने म्हटलंही. मग त्यांनी चादर ओढून काढली, उकळत्या पाण्यात टाकली, हात धुतले आणि कात्रजला फोन लावला. तो नंबर त्यांनी कधीच फिरवला नव्हता, पण पाठ होता.

"हॅलो, कोन?" विहीणबाई विजयमाला.

"मी खांबेटे. हेमाचे वडील."

"आगं बया! हायेत का ते?"

खांबेट्यांनी ते गिळलं. "हेमाला रविवारी पाठवू नका."

पलीकडे भांडं आदळल्याचा आवाज झाला. "इवाई, तुमचं काय त्ये येकदा ठरवा की. पोरगी पिशवी भरून बसलीया."

मग खांबेट्यांनी सगळं सांगितलं. नागीण, फोड, लोणी काळभोर, स्कॉलरशिप. फळ्यावर लिहून द्यावं तसं, पायरी न गाळता. विजयमालाबाईंनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजी परीक्षेपायी पोरीला कांजण्याबी येऊ दिल्या न्हाईत तुमी?"

"नाही."

"आमच्यात येकाला आल्या की समद्यांस्नी त्याच्याच शेजारी निजवायचं. येकदाच उरकतं."

यातही धोका असतो, हे आता खांबेट्यांना ठाऊक होतं. पण समोरच्याची चूक न सुधारता ते गप्प बसले. आयुष्यात पहिल्यांदाच.

"बाळातपन हितं करू. डाक्टरला सांगून तिचं रगातबी तपासून घेऊ, त्याची काळजी सोडा," विजयमालाबाई म्हणाल्या. "पर येऊ नगं म्हून मी न्हाई सांगायची तिला. तुमीच सांगा." आणि त्यांनी हाक मारली.

"हॅलो," हेमा म्हणाली. दोन वर्षांनी.

"मी बोलतोय. हेमा, तू रविवारी इकडे येऊ नकोस."



"परत?" हेमा म्हणाली.

खांबेट्यांनी विहिणीला इतकं नेटकं सांगितलेलं सगळं आता उलटसुलट बाहेर पडायला लागलं. "तसं नाही गं. तुला कांजिण्या आलेल्या नाहीत. मीच येऊ दिल्या नाहीत. आणि आता मला नागीण झालीय, माझ्यामुळे तुला होईल, बाळाला होईल. आईला वाटतं तुला येऊन गेल्यात. ते न्हाणं होतं नुसतं."

"खरं सांगताय?"

"श्यामलाबाईंना विचार. त्यांनी आधी पाहिली."

हेमा हसली की रडली ते कळलं नाही. खांबेटे मात्र बोलतच राहिले. "तेव्हा दारात बोललो ते चुकलं माझं. मला रोज तुझी आठवण येते. मला तू यायला हवी आहेस."

"मग म्हणा ना तसं."

"कसं?"

"ये म्हणा, बाबा. आईच म्हणतेय सारखी. तुम्ही एकदाही म्हणाला नाहीत."

खांबेट्यांनी रिसीव्हर दोन्ही हातांत घट्ट धरला.

"ये," ते म्हणाले, आणि लगेच घाबरून पुढे म्हणाले, "आत्ता नको! खपल्या धरल्या की ये. बाळाला घेऊन ये. संपतरावांनाही घेऊन ये. तिघंही या."