खिंडीच्या जरा वर

झहरानने दोन्ही हात आभाळाकडे उचलले होते आणि दोन्ही हातांत एकेक फोन होता. गच्चीच्या कठड्याला पोट टेकवून, मान मागे टाकून तो असा उभा होता की खालच्या गल्लीतून कुणी पाहिलं असतं तर म्हातारा आभाळाला शरण चाललाय असंच वाटलं असतं. सहरीचं खाणं आटोपलं होतं, अजानला थोडा अवकाश होता. पूर्वेला वाळूच्या टेकड्या अजून काळ्याच होत्या आणि त्यांच्या माथ्यावर सरत्या रमजानची झिजलेली कोर होती. म्हणजे असायला हवी होती. झहरानला तिथे नुसतं आभाळ दिसत होतं.

"अहो, हात भरून येतील," झुवैना जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाली. "पाणी पिऊन घ्या आधी. अजान झाली की बसाल दिवसभर घसा कोरडा करत."

"थांब गं. उजव्या हातातला निळा की करडा?"

"निळा."

निळ्या फोनच्या काचेवर कोर उगवली होती. कापून टाकलेल्या नखासारखी बारीक, पण इतकी लख्ख की झहरानने नजर जरा बाजूला नेल्याबरोबर ती त्याला नीट दिसली. डाव्या हातातल्या करड्या फोनमध्ये काळोख होता, काळोखात वाळू सांडावी तसे ठिपके होते, आणि मधे कुठेतरी एक पुसट डाग.

"हा करडा आंधळा आहे," तो म्हणाला.

झुवैनाने पेला पुढे केला. तो थेट हातात घ्यायला गेला आणि त्याची बोटं पेल्याच्या बाजूने पुढे निघून गेली. तिने पेला त्याच्या तळव्यात ठेवला.

हे दोन फोन हमदानच्या दुकानातून आले होते. हमदान म्हणजे झहरानच्या धाकट्या बहिणीचा मुलगा. मिंतिरिब गावच्या बाजारात त्याचं दुकान आहे आणि त्याची जीभ दुकानापेक्षा मोठी आहे. झहरानच्या लेकीने, रय्याने, मस्कतहून त्याला सांगून ठेवलं होतं, बाबांना आता चांगला फोन दे, या दोहोंपैकी त्यांना आवडेल तो. दोन्ही फोनांच्या कंपन्यांचं एकमेकींशी सवतीसारखं वैर. एकीने नवं काही काढलं की दुसरीने तेच काढून नाक मुरडायचं. झहरान दुपारभर काउंटरशी बसून दोन्ही फोन उलटेसुलटे करत राहिला तेव्हा हमदान म्हणाला होता,

"मामा, लग्नाला मुलगी बघायला तरी इतका वेळ लावला होतात का?"

"मला बघितलं कुठे होतं त्यांनी?" झुवैना तोंडावरची ओढणी सावरत म्हणाली होती. "आधी हो म्हणाले, मग बघितलं."

"आणि मग?"

"मग काय, दुकान बंद झालं होतं."

सगळे हसले. झहरानही हसला, पण त्याचं मन दुसरीकडेच होतं. त्याने हळूच विचारलं होतं, "यातून चंद्र दिसतो का रे?" हमदानने निळा फोन उचलला आणि त्याच्या पाठीवर थाप मारली. "हा? मामा, हा नुसता बघत नाही. याला चंद्र ठाऊक आहे. जरासं काही दाखवा, उरलेलं हा स्वतःचं स्वतः भरतो. करडा काय, तो बिचारा जेवढं समोर आहे तेवढंच दाखवतो. दोन्ही घेऊन जा घरी. ईदला सांगा कुठला ठेवायचा ते."

चंद्र कशासाठी, हे हमदानला विचारावंसं वाटलं नाही. झहरानच्या बाबतीत कुणालाच वाटलं नसतं. रमजानच्या एकोणतिसाव्या संध्याकाळी सगळं मिंतिरिब पहिल्या टेकडीवर चढतं आणि पश्चिमेकडे तोंड करून उभं राहतं, पण लोक आभाळाकडे फारसं पाहत नाहीत. झहरानच्या चेहऱ्याकडे पाहतात. तो तरणाबांड होता तेव्हापासून हे असंच चाललंय. त्याचा हात वर गेला की पोरं ओरडत उतरणीवरून धावत सुटतात. वालीच्या, म्हणजे गावच्या मोठ्या अधिकाऱ्याच्या, कचेरीत काझीसमोर तो शपथेवर सांगतो, आणि त्याच रात्री ईदच्या हलव्याच्या कढया चुलीवर चढतात. आजवर त्याच्या शब्दाला कधी कुणी हटकलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी इब्रा शहरातल्या डॉक्टरने त्याच्या डोळ्यांत उजेड मारून पाहिला आणि सांगितलं की नजरेच्या मधोमध जो डाग आलाय तो आता जायचा नाही. विचित्र डाग होता तो. ज्याच्याकडे पाहावं तेच नाहीसं व्हायचं, आणि आजूबाजूचं सगळं जागच्या जागी. माणूस असायचा, त्याचं तोंड नसायचं. ताट असायचं, घास नसायचा. झहरानने हे कुणालाही सांगितलं नाही. गुडघ्याचं निमित्त करून गाडीची किल्ली झुवैनाकडे दिली आणि मोकळा झाला.

गाडी तिच्या हाती आल्यापासून झुवैनाही टेकडीवर येऊ लागली. बायकांत न थांबता त्याच्या जरा मागे उभी राहायची. सूर्य बुडाला, पश्चिमेच्या डोंगरांतली ती एक खिंड काळी पडली, की ती हळूच म्हणायची, "खिंडीच्या जरा वर असेल, नाही का हो?" मग तो तिकडे बघायचा आणि त्याला कोर दिसायची. खरंच दिसायची. बारीक, गार, आपली ओळखीची. त्याचा हात वर जायचा. अशा तीन ईद गेल्या.

पण या वर्षी आभाळ दिवसेंदिवस आणखी रितं होत चाललं होतं. आपण हात वर केला नाही तर काय होईल, या विचाराने रमजानभर त्याला धड झोप लागली नव्हती. झोप लागलीच तर स्वप्नात टेकडी यायची, टेकडीवरची माणसं यायची, आणि कुणालाच तोंड नसायचं. निळा फोन हाती आल्यापासून मात्र तो शांत झोपत होता.

अठ्ठाविसाव्या संध्याकाळी तो झुवैनाला म्हणाला, "चल, उद्याची तालीम करून येऊ."

टेकडीवर कुणी नव्हतं. वाळू दिवसभराची तापलेली होती आणि वरून गार वारा येत होता, त्यामुळे पाय एका ऋतूत आणि तोंड दुसऱ्या ऋतूत असल्यासारखं वाटत होतं. खाली खजुरांच्या बागांवर निळसर धूर पसरला होता. किल्ल्याच्या भिंती विरघळत चालल्या होत्या. दोघांनी फडकं पसरलं, अजानचा आवाज खालून तरंगत आला तसा एकेक खजूर तोंडात टाकला, ताकाचा घोट घेतला. मग झहरानने निळा फोन खिंडीच्या दिशेने धरला आणि चित्र मोठं करत गेला.

"दिसला!" तो एकदम उठून उभा राहिला. "झुवैना, दिसला! हे बघ, हे बघ!"

ती त्याच्या खांद्याशी आली. काचेवर कोर होती. नाजूक, टोकं वर वळलेली, आणि तिच्या कुशीत अंधाऱ्या चंद्राचा राखाडी गोलसुद्धा होता.

झुवैनाने आभाळाकडे पाहिलं. मग पुन्हा काचेकडे.

"अहो, आज अठ्ठाविसावा."

"मग?"

"आज कुठून येईल चंद्र? तो आत्ता सूर्याच्या उजेडात बुडालेला असतो, तुम्हीच शिकवलंत मला." तिने पुन्हा वर पाहिलं. "विमानाची रेघ आहे ती. वाऱ्याने वाकलीय."

झहरानने करडा फोन मागितला. त्यात एक गुलाबी ओरखडा होता, दोन्हीकडून पुसत चाललेला. बाकी ठिपकेच ठिपके. त्याने तो बराच वेळ तोंडासमोर धरला. मग खाली बसला.

हमदानचे शब्द त्याला आता वेगळेच ऐकू आले. जरासं काही दाखवा, उरलेलं हा स्वतःचं स्वतः भरतो. याला चंद्र ठाऊक आहे.

"झुवैना."

"हं."

"मागच्या ईदला तू खिंड म्हणाली नसतीस तर?"

ती फडक्यावरच्या खजुरांची वाळू एकेक करून पुसू लागली. त्यांच्यावर वाळू नव्हतीच.

"तुम्हाला दिसलाच असता," ती म्हणाली.

"मी ते नाही विचारलं."

ती पुढचा खजूर पुसत राहिली. त्या पुसण्यातच त्याला उत्तर मिळालं, आणि ते इतकं मऊपणे मिळालं की राग कुणावर धरावा तेही त्याला कळेना. ही बाई तीन वर्षं त्याच्या मागे उभी राहून, त्याचा हात वर जावा म्हणून, स्वतःला जे स्वच्छ दिसत होतं ते त्याला विचारत आली होती. त्याने निळा फोन डब्यात ठेवला आणि झाकण लावलं.

"हा माझ्यासारखाच निघाला," तो म्हणाला आणि हसला. हसणं काही जमलं नाही.

गाडीत बसताना तो म्हणाला, "उद्या काही बोलू नकोस. अगदी काही नाही."

दुसऱ्या दिवशी दुपारीच वारा सुटला आणि आभाळात धूळ चढली. संध्याकाळी टेकडीवर नेहमीसारखी गर्दी होती, पण लोक डोळे चोळत होते. सूर्य धुळीतच कुठेतरी नाहीसा झाला. मग सगळ्यांची तोंडं झहरानकडे वळली. ती तोंडं त्याला दिसली नाहीत, पण वळली हे कळलं.

त्याने खिंडीकडे पाहिलं. खिंड नाहीशी झाली. जरा बाजूला पाहिलं, खिंड परत आली. वर आभाळ होतं, आणि आभाळात काहीही नव्हतं. त्याला चंद्र ठाऊक होता. तो कुठे असणार, किती कललेला असणार, टोकं कुठे असणार, सगळं ठाऊक होतं. डोळे जरा ढिले सोडले असते तर तो उगवलाही असता. झहरानने डोळे ढिले सोडले नाहीत.

मागे ओढणी सळसळली. तो वळला तेव्हा कडेच्या नजरेत त्याला झुवैनाचा हात दिसला. तोंड बंद ठेवायचं तिला सांगितलं होतं, हाताला कुणी सांगितलं नव्हतं. तो आपण होऊन वर गेला होता, बोट पुढे, आणि मग चोरी पकडल्यासारखा पटकन ओढणीत शिरला. झहरानच्या हातात करडा फोन होता. अंगठा कधी दाबला गेला आणि फोटो निघाला ते त्याला कळलंच नाही.

"काका, दिसला का?" कुणीतरी विचारलं.

"मामा, हे बघा!" हमदान गर्दीतून वाट काढत आला. त्याच्याकडेही निळाच फोन होता. "लख्ख आलाय! कचेरीत हाच दाखवू, म्हणजे प्रश्नच मिटला."

माणसं त्याच्याभोवती गोळा झाली. कुणी अल्लाचं नाव घेतलं, एक पोरगा ओरडत उतरणीकडे धावलाही.

"त्या पोराला परत बोलवा," झहरान म्हणाला. "आणि हमदान, ठेव तो खिशात. त्याला चंद्र ठाऊक आहे बाबा. त्याला दिसलेला नाही."

वालीच्या कचेरीत दिवे लागले होते. गालिच्यावर मधे खजुरांचं ताट आणि कॉफीचा लांब चोचीचा दल्ला होता. काझी सुलैमान वयाने लहान होता. तो झहरानला पाहून उठला आणि त्याने त्याला शेजारी बसवून घेतलं. टेकडीवरून आलेल्या इतरांना त्याने आधी विचारलं. धूळ होती, सगळेच म्हणाले. नीट काही सांगता येत नाही.

"झहरानकाका, तुम्ही सांगा. चंद्र पाहिलात?"

झहरानने पेला खाली ठेवला. ताटाच्या कडेला लागून तो किणकिणला.

"नाही," तो म्हणाला. "मला दिसला नाही. मला आता दिसत नाही."

काझीने त्याच्या तोंडाकडे पाहिलं, आणि बहुधा प्रथमच, त्याच्या डोळ्यांकडे.

"पण तो आहे," झहरान पुढे म्हणाला. "बाहेर गाडीत रय्याची आई बसलीय. तिला दिसलाय. गेल्या तीन वर्षांतही तिलाच दिसला होता. साक्ष माझी नाही, तिची घ्या."

त्याने करडा फोन काढून गालिच्यावर ठेवला. काचेवर ठिपक्यांचा काळोख होता आणि त्यात एक हात. चंद्राचा पत्ता नव्हता. बोट मात्र धुरकट का होईना, ओळखू येत होतं. काझीने फोन उचलला, बराच वेळ पाहिला, आणि खाली ठेवला.

"यावर काही ठरत नसतं," तो हळूच म्हणाला. मग दाराशी उभ्या माणसाकडे वळला. "त्यांना आत बोलवा."

झुवैना आली. चपला दाराशी काढून, ओढणी हनुवटीखाली घट्ट धरून ती उभी राहिली. इतक्या पुरुषांची तोंडं एकदम आपल्याकडे वळलेली तिने कधी पाहिली नव्हती. काझीने तिला बसायला सांगितलं, ती बसली नाही. त्याने विचारलं, काय पाहिलंत, कुठे पाहिलंत.

ती सवयीने नवऱ्याकडे वळली.

"खिंडीच्या जरा वर असेल," ती म्हणाली, "नाही का हो?"

झहरानने मान हलवली नाही. त्याने तिच्या तोंडाकडे पाहिलं, ते नाहीसं झालं, मग नजर किंचित बाजूला नेली आणि ते परत आलं.

"मला नको विचारूस," तो म्हणाला. "तू सांग."

झुवैनाच्या हातातून ओढणी सुटली, हात वर गेला, आणि कचेरीच्या पश्चिमेकडच्या कोऱ्या भिंतीवर, दाराच्या चौकटीपासून जरा उजवीकडे, तिने बोट रोखलं. सगळ्या माणसांनी तिकडे पाहिलं.