लाल दोरा बांधलेला धान

माझ्या धानाच्या बांधीत दुसऱ्या जातीची भेसळ सापडली तर मिशी काढून देतो, असं मी दिघोरीत चाळीस वर्षं ऐटीत सांगत आलो. आता कोणी तो विषय काढला का मी उठून घरी जातो.

आमची तेजस्विनी, म्हणजे तेजू, नागपूरच्या एका संस्थेत धानावर काम करे. पीएच.डी. झाली, डॉक्टर झाली. गावात सांगतलं तर शेजारचा नत्थू म्हणे, "मंग माझ्या गुडघ्याले काही देते का पुंडलिकराव?" अबे, झाडाची डॉक्टर हो ते! पुढं तिले पोस्टडॉक म्हणतात ते नोकरी भेटली. तीन वर्षांची, मार्चले संपणारी. हाती काही लागलं तर मुदत वाढते, नाई तर नमस्कार.

काम होतं आपल्या चिन्नोरचं. वासाचा धान, पण उंच. लोंबी भरली का हवेनं झोपते, आन् झोपलेला धान अर्धा मातीत जाते. तेजूनं चिन्नोरच्या बियाण्यावर मशीनमधून किरणं मारून आणली आन् त्याची चार हजार झाडं आमच्या खालच्या बांधीत एकेक करून रोवली. "यातलं एखादं असं निघंन बाबा, का वास तोच, पण झोपणार नाई. ते एक भेटलं का काम झालं." ते झाड सगळ्यात उंच, भरदार, पाहत राहावं असं असंन, हे मी माझ्याच मनानं ठरवून टाकलं. विचारलं नाई. बापानं काय विचारायचं पोरीले, धानाबद्दल?

राखण मात्र जिवापाड केली. डुकरं फिरकू देल्ली नाई, चिमणी बसू देल्ली नाई.

आमच्या घरची एक रीत आहे. लोंब्या बाहेर पडल्या का मी बांधीतून फिरतो आन् वेगळं झाड दिसलं का त्याले दोरा नाई तर चिंधी बांधतो. मागून मजुरीवाली रंभाबाई बाया घेऊन येते. बांधलेलं तेवढं उपटून बांधीच्या कडेले धुऱ्यावर फेकतात. तेजू लहान होती तेव्हा दोऱ्याचं रीळ घेऊन माझ्यामागं चिखलात फिरे.

दसऱ्याले ती आली. तीन दिवस बांधीतच होती, जेवायले बोलवा तरी येईना. मंग संस्थेतून फोन आला आन् सकाळच्या एसटीनं घाईघाईत गेली. पुढच्या आठवड्यात संस्थेतल्या तिच्या सरांले घेऊन येतो म्हणे.

ती गेल्यावर दोन दिवसांनी मी बांधीत उतरलो. मधल्या रांगेत एक झाड दिसलं, बुटकं, बाकीच्याइच्या कमरेलेही लागत नव्हतं. बुडाशी लाल दोरा. खरं सांगतो, मले भरून आलं. एवढी शिकली, पण पोरगी घरची रीत विसरली नाई! भेसळ बांधून गेली, उपटायले वेळ भेटला नाई बिचारीले. सर येणार, त्याइच्यासमोर माझ्या पोरीची बांधी साफ दिसली पाह्यजे. रंभाबाईचीही वाट नाई पाह्यली. मुळासकट उपटलं आन् धुऱ्यावर भिरकावलं.

चार दिवसांनी तेजू आली, सरांच्या एक दिवस आधी. पिशवी ओसरीत ठेवली आन् तशीच बांधीत. मी मागं मागं. मधल्या रांगेत थांबली.

"बाबा, इथलं झाड?"

"उपटलं ना! तू बांधून गेली होती."

ती धुऱ्यावर गेली, गवताचे ढीग उलटेपालटे केले. लाल दोरा सापडला. झाड वाळून गेलं होतं. तिनं लोंबी चिमटीत दाबून पाह्यली. दाणा भरलाच नव्हता, सगळी पोचट. मंग ती तिथंच चिखलात बसली.

तेजूची आई धावत आली. "अवो, काय केलं तुमी हे?"

मले राग आला. चूक झाली का मले पह्यले राग येते, असा माझा स्वभाव. ओरडलो, "मंग सांगून जायचं होतं! दोरा कायले बांधला? दोरा भेसळीले बांधतात!"

"हो बाबा," ती म्हणाली. "रीत विसरलीच मी. तिकडं जे ठेवायचं असते त्याले बांधतो."

"दुसरं नाई का एखादं?"

"नाई. चार हजारात न झोपणारं तेवढंच बुटकं निघालं होतं. पुन्हा पेरा तर एक हंगाम जाते. माझी मुदत मार्चपर्यंत."

संध्याकाळी ती ओसरीत सरांसोबत फोनवर बोलून राहिली होती. मी दाराआड उभा. "सर, ते झाड माझ्या हातून गेलं. हो, मीच उपटलं, चुकून. नाही सर, घरचं कोणीच नव्हतं शेतात." दोन पावलं टाकून फोन हातात घ्यायचा होता मले. नाई घेतला.

मंग विचारलं, "काहून खोटं बोलली?"

"सर बाहेरच्या शेताले नाईच म्हणत होते. मीच लिहून देल्लं होतं, का माझ्या बाबाच्या हातात धान बिघडत नाई."

मार्चले तिची नोकरी गेली. आता लाखांदूरच्या कॉलेजात तासाच्या हिशोबानं शिकवते. बरं आहे म्हणते. रात्रीचं जेवण अर्धं टाकून उठते.

मागच्या महिन्यात मले राहवलं नाई. तिच्या वहीतून नंबर घेतला, सरांले फोन लावला आन् सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले,

"पुंडलिकराव, शेतकऱ्याच्या हातून अशी चूक झाली असती, तर नुकसान दाखवून मला एक हंगाम वाढवून मागता आला असता. तसा नियमच आहे. तिच्याच हातून झालं असं तिनं लेखी दिलं, मग माझे हात बांधले गेले. तुम्ही तेव्हाच का नाही बोललात?"

तिची जागा दुसऱ्या पोराले देऊन झाली होती. मी फोन ठेवला.

तेजूले हे अजून सांगतलं नाई. कोणत्या तोंडानं सांगू?