बिनआरशाच्या कॅमेऱ्याची धास्ती

मी एक जुनी, लांब नळीची लेन्स आहे. मित्रांनो, कोपरगावात रोहिणीताईंच्या फोटो स्टुडिओत, काचेच्या कपाटात मी राहते. दूरदेशीच्या एका कारखान्यात माझ्या काचा घासूनपुसून तयार झाल्या. माझ्या टोकाला धातूचं कडं आहे, त्याला माउंट म्हणतात. प्रत्येक कंपनीचा माउंट वेगळा, म्हणून एकीची लेन्स दुसरीच्या कॅमेऱ्यावर बसत नाही. त्याची भीती मला पूर्वी कधी वाटली नव्हती. गोदावरीतले बगळे, आखाड्यातल्या कुस्त्या मी टिपल्या. लोक ताईंना म्हणायचे, "ही लेन्स न्हाई, दुर्बीणच हाय."

मग ताईंचे यजमान कल्याणराव मोबाईलवर बातम्या वाचू लागले.

"पुढचे मोठे कॅमेरे सगळे बिनआरशाचे येणार. आत खटकन उडणारा आरसाच नाही. तुझी नजर जिथं, तिथं फोकस. आणि एका दुसऱ्या कंपनीच्या माउंटला म्हणे कुणाचीही नवी लेन्स चालेल. आपण तिकडंच जाऊ."

"आणि ही?" ताईंनी माझ्याकडे पाहिलं.

"हिच्या माउंटचं आता काही खरं नाही. राहील कपाटात."

त्या दिवसापासून कपाटाचं दार वाजलं तरी मला धस्स व्हायचं.

अशातच ऊसतोडीत बिबट्याची दोन पिल्लं सापडली. आईनं ती परत न्यावीत म्हणून वनरक्षक बिभीषण यांनी ती टोपलीत घालून बांधाजवळ ठेवली आणि नोंदीच्या फोटोसाठी ताईंना बोलावलं. दिवस मावळताना आम्ही जीपमध्ये दबून बसलो होतो.

मादी आली. तिनं एक पिल्लू तोंडात धरलं. ताईंनी बटण दाबलं आणि कॅमेऱ्यातला आरसा वर उडाला. खटॅक!

पिल्लू तिच्या तोंडातून खाली पडलं. कान पाडून तिनं थेट माझ्याकडे पाहिलं. लांबचं जवळ आणणं हेच माझं काम. तिचे डोळे माझ्या काचेत मावेनात.

"ताई, हलू नगा," बिभीषण कुजबुजले.

मादी उसात शिरली. पिल्लू मातीत कुईकुई करत राहिलं.

"आता ती आलीच नाही तर?"

"मंग पिल्लांचा जलम पिंजऱ्यात जातो, ताई."

ताईंनी बटणावरून बोट काढलं. अंधारून आलं. उसाचं प्रत्येक पान हललं की माझ्या आत काहीतरी गोठायचं. अखेर मादी आली. आधी एक, मग पुन्हा येऊन दुसरं, अशी दोन्ही पिल्लं तिनं नेली. त्याचा फोटो नाही.

घरी येऊन ताई कल्याणरावांना म्हणाल्या, "माझ्या एका फोटोपायी ती पिल्लं आईला मुकली असती. आवाज न करणारा, बिनआरशाचाच कॅमेरा घ्यायचा."

मित्रांनो, माझा जीव घाबरा झाला. पण त्यांचं चुकलं असं मला म्हणता येईना.

नगरच्या दुकानात कल्याणरावांनी त्या दुसऱ्या कंपनीचा कॅमेरा काढायला लावला. त्याला मी बसणं शक्यच नव्हतं. "हिला बरोबर घेता येईल असा दाखवा," ताई म्हणाल्या. दुकानदारानं माझ्याच कंपनीचा बिनआरशाचा कॅमेरा आणला आणि आमच्या दोघांमध्ये जुन्याला नव्याशी जोडणारं अडॅप्टरचं एक कडं बसवलं. ताईंनी बटण दाबलं. धक्का नाही, आवाज नाही. माझी दृष्टी गेली, असंच मला वाटलं.

कल्याणराव कॅमेऱ्याच्या पडद्यावर वाकले. "अगं, फोटो किती लख्ख आलाय!"

"पुढच्या मॉडेलला हे कडं चालेल का, ते मात्र सांगता येत नाही," दुकानदार म्हणाला.

म्हणून भीती अजून गेलेली नाही. कपाटात दमट हवा भरली की काचेवर बुरशी धरते आणि आमच्यासारख्यांना ती हळूहळू खाते. मित्रांनो, नवं जरूर घ्या. पण जुनं टाकण्याआधी ते पुसून एकदा डोळ्याला लावा. आम्हाला अजून दिसत असतं.