पंचमीचं जातं

परवानगीशिवाय आष्टीत शाळा काढता येत नव्हती, आणि निजामाच्या अमलात मराठी शाळेला परवानगी कोण देणार? म्हणून पोरी पहाटे माझ्याकडे दळणाच्या निमित्तानं यायच्या. दोघी जात्यावर बसायच्या, बाकीच्या परातीतल्या पिठात बोटानं अक्षरं गिरवायच्या. जात्याच्या घरघरीत आमचा आवाज बाहेर जात नसे.

पुण्याच्या कॉलेजातून मी एवढंच घेऊन आले होते, की आधी 'का' विचारायचं. अक्षरं त्यानंतर.

कचरू धनगराच्या झुंबरनं ते सगळ्यांत आधी उचललं.

"बाई, नागपंचमीला दळायचं न्हाई म्हणत्यात. का बरं?"

"जात्याखाली नाग बसतो का गं?" मी विचारलं.

"मंग दळूनच बघते!"

पोरी खिदळल्या. मीही हसले. माझी तीन वर्षांची सुमन मांडीवर "का? का?" करत टाळ्या पिटत होती.

झुंबरनं खरंच दळलं. पंचमीच्या सकाळी, आपल्या घरात, ओंजळभर ज्वारी. आवाज गल्लीभर गेला.

तिसऱ्या दिवशी कचरू तिचा दंड धरून आमच्या दारात उभा. तिचा गाल सुजला होता.

"बाई, हिला हे कुणी शिकवलं?"

"मी. आला का नाग, कचरूबा?"

"नाग न्हाई आला. सोयरे आल्ते, ते सोयरीक मोडून गेले. मेंढरं आपल्या रानात बसवू देत न्हाई कुणी. तुमचं बरंय, तुम्हाला कोण जाब इचारतंय?"

मी म्हटलं, "तिला माझ्याजवळ ठेवा. मी सांभाळते, शिकवते."

"शिकवते?" सासूबाई उंबऱ्यातून कडाडल्या. "ठाण्यातल्या अमीनसाहेबाच्या कानावर गेलं तर माझा राधाकिसन तुरुंगात जाईल. लेकरू आहे ना तुला?"

सुमन माझ्या पदराला लोंबकळत होती. मी झुंबरकडे बघितलं. ती माझ्याचकडे बघत होती, रडत नव्हती. कचरू तिला घेऊन निघाला, तेव्हा मी उंबऱ्याच्या आतच होते.

तुळशीचं लग्न लागताच तिला मंठ्याकडं देऊन टाकली. नवरा बिजवर, दोन लेकरांचा बाप.

जातं आता मी एकटीच ओढते. परवा पहाटे सुमन डोळे चोळत येऊन बसली.

"आई, झुंबर का येत न्हाई?"

बाहेर कुणाची तरी पावलं वाजत होती. माझा पिठानं भरलेला हात तिच्या तोंडावर गेला. तळव्याखाली तिचे ओठ हलतच होते.