जीप झाली की

"आता परत कधी यायचं होईल गं?" स्वयंपाकघरात आईने विचारलं.

"जीप झाली की," लेक म्हणाली, आणि मायलेकी हसत सुटल्या.

खिडकीखालच्या अंगणात, जीपच्या पोटाखाली उताणे पडलेले कवळीकाकाही हसले. पाना छातीवर ठेवून त्यांनी तोंड उघडलं. अगं, झालीच, परवा रविवारी बाहेर काढतोय, असं ओरडून सांगणार होते. पण आतलं हसणं थांबेना. लेक बुधवारी नवऱ्याबरोबर परदेशी जायची होती, नोकरी कायमची होती, आणि परत कधी येणार या प्रश्नाचं खरं उत्तर तिघांनाही माहीत होतं. ते उत्तर तिने एवढ्या सोप्या शब्दांत दिलं होतं. काकांचं तोंड उघडंच राहिलं आणि वरून ग्रीसचा एक गोळा त्यात पडला.

गल्लीत त्यांना सगळे कवळीकाकाच म्हणत. दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून द्यायच्या, हा त्यांचा तीस वर्षांचा उद्योग. कधी तोंड न पाहिलेल्या माणसांचे जबडे प्लास्टरच्या साच्यात भरून त्यांच्या टेबलावर येत. केसाएवढा उंच राहिलेला दातही त्यांच्या अंगठ्याला कळे, आणि तो घासल्याशिवाय त्यांना घास जात नसे. असा माणूस जुन्या जीपच्या नादी लागला तर जे व्हायचं तेच झालं.

निमित्त बायकोचं होतं. या घरात नवी नवी राहायला आली तेव्हा तिने ओट्यापाशी उभं राहून खिडकीतून समोरचा डोंगर पाहिला आणि पलीकडे काय आहे हो, असं विचारलं. काकांना माहीत नव्हतं. डांबरी रस्ता पायथ्याला संपत होता आणि पुढे नुसते धोंडे होते. लेक दहा वर्षांची झाली तेव्हा पाटबंधारे खात्याच्या लिलावात एक मोडकी जीप निघाली, ती काकांनी दोराने ओढत घरी आणली. रविवारी सगळे डोंगरावर जाऊ, डबा घेऊन, असं त्यांनी जाहीर केलं. कोणता रविवार ते तेवढं राहिलं.

त्याला आता सोळा वर्षं झाली. इंजिन त्यांनी तीनदा खोललं, त्यातलं एकदा नुसतं मनाला रुखरुख होती म्हणून. रंग दोनदा खरवडला, कारण उजव्या दाराची छटा डाव्याला मिळेना. कुणी विचारलं की म्हणायचे, झालीच. हे ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरोखरच तसं वाटायचं, आणि दुखणं नेमकं तेच होतं.

घरातला तो शब्द त्यांनी पूर्वीही ऐकला होता. गळका नळ कधी बदलायचा? जीप झाली की. काकूंच्या बहिणीने महिनाभर राहायला बोलावलं, तर काकू फोनवर म्हणाल्या होत्या, येते की, जीप झाली की. प्रत्येक वेळी काकांचा ऊर भरून यायचा. आपल्या माणसांनी सगळे बेत जीपसाठी अडवून धरलेत, केवढा हा विश्वास, असं त्यांना वाटे. मग ते हुरूप येऊन आणखी एखादा भाग खोलायला घेत. कधीच नाही, याला त्या घरात जीप झाली की म्हणतात, हे गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा ठाऊक असावं. फक्त जीपवाल्याला नव्हतं.

त्या दिवशी त्यांनी चूळ भरली, हात धुतले आणि जेवताना एवढंच सांगितलं, की रविवारी सकाळी डोंगरावर जायचं आहे. जावई सभ्यपणे वा म्हणाले. लेकीने ताटातून मान वर केली नाही. काकूंनी मात्र त्यांच्याकडे नीट पाहून विचारलं, "खरंच झाली?"

काकांना आता बाकी काही नको होतं. लेक जायच्या आत, तिच्या डोळ्यांदेखत, बायकोला त्या डोंगरावर न्यायचं आणि पलीकडे काय आहे ते दाखवायचं. सोळा वर्षांचं हसं एका सकाळीत धुऊन निघेल, असा त्यांचा हिशेब होता.

रविवारी जीप एका किल्लीत सुरू झाली. काकूंनी ठेवणीतले कपडे घातले होते, केस नीट बांधले होते. त्या हसत पुढे आल्या, दाराचा दांडा धरला आणि पाय उचलला. पाय पायरीच्या खालीच राहिला. त्यांनी पुन्हा उचलला. जीप मुळातच उंच, त्यातून धोंड्यांना पोट घासू नये म्हणून काकांनी स्प्रिंगमध्ये जादा पाटे घालून ती आणखी चार बोटं उचलली होती. त्यांनी घरातून स्टूल आणलं. स्टुलावर चढताना काकूंचा चेहरा असा पिळवटला, की जावयांनी धावत येऊन त्यांना खांद्याला धरलं.

"गुडघा," लेक म्हणाली. "तीन वर्षं झाली, बाबा. जिनासुद्धा एकेक पायरी करून चढते ती."

अनोळखी माणसांच्या जबड्याची उंची केसाएवढी चुकू न देणाऱ्या काकांनी बायकोचा पाय किती वर जातो, हे एकदाही पाहिलं नव्हतं. त्या तीन वर्षांत ते बहुतेक वेळ जीपखाली होते, आणि तिथून जिना दिसत नाही. त्यांना स्वतःची शिसारी आली.

"राहू दे," काकू म्हणाल्या. "मी जावयांच्या गाडीतून येते मागून. तुम्ही व्हा पुढे." त्यांच्या आवाजात राग असता तर बरं झालं असतं.

लेक बाबांच्या शेजारी बसली. जीप झकास चालत होती. कुठे खडखड नाही, धूर नाही, आणि एवढ्या चांगल्या चालीचं कौतुक करायला दोघांपैकी कुणालाच सुचत नव्हतं. आरशात जावयांची बुटकी गाडी दिसत होती. गावाबाहेर आल्यावर काकांनी समोर बघतच विचारलं, "जीप झाली की, हे कधीपासून म्हणता गं तुम्ही?"

"मी शाळेत होते तेव्हापासून. नुसता घरातला शब्द आहे, बाबा."

"तू काढलास?"

"आईने."

पायथ्याला डांबर संपलं. गाडी तिथेच थांबली, कारण तिचं पोट जेमतेम वीतभर वर होतं. जावयांनी झाडाखाली चादर अंथरली. काकूंना गाडीच्या दारापाशी घडीच्या खुर्चीवर बसवलं. लेक जीपमधून उतरली आणि म्हणाली, मी आईपाशी थांबते, आता दोनच दिवस आहेत. काकाही इंजिन बंद करायला निघाले होते, पण काकूंनी हात हलवून वर जायची खूण केली. "एवढं केलंत, तर जाऊन तरी या," त्या म्हणाल्या.

म्हणून ते एकटे गेले. चारी चाकांना जोर देणारा लहान दांडा त्यांनी ओढला आणि जीप धोंड्यांवरून शहाण्या जनावरासारखी पाऊल टाकत चढली. मागच्या नव्या सीटांवर डबा तेवढा इकडून तिकडे घसरत होता. खाली द्यायचा राहूनच गेला होता तो. अर्ध्या तासात ते माथ्यावर पोचले आणि खाली उतरले.

पलीकडे तळं होतं. नजर पोचेपर्यंत पाणी, मधे झाडांनी भरलेली दोन बेटं, आणि काठाकाठाने पांढरे पक्षी, हजारांनी. इतकी वर्षं खिडकीपासून पाऊण तासावर हे सगळं होतं. काकांना रडू फुटलं आणि त्यांनी ते आवरलं नाही, बघायला होतंच कोण. मग त्यांनी फोटोसाठी फोन काढला, तळ्यावर रोखला, आणि थोड्या वेळाने तसाच खिशात घातला. परतताना उतार होता, ब्रेकही चोख लागत होते, तरी खाली यायला त्यांना चढण्यापेक्षा जास्त वेळ लागला.

त्यांनी डबा चादरीवर ठेवला. लेक आणि जावई ताटल्या मांडू लागले. काकू खुर्चीतून त्यांच्याकडे बघत होत्या, लग्नानंतरच्या त्या पहिल्या दिवसांत बघायच्या तशा.

"काय आहे हो पलीकडे?"

"काही नाही गं," काका म्हणाले. "असाच आणखी एक डोंगर. उघडाबोडका."

"हो ना? मला वाटलंच," काकू म्हणाल्या, आणि सुटकेचा श्वास टाकून त्यांनी दुखरा पाय लांब केला. काका त्यांच्या खुर्चीजवळ जमिनीवर बसले आणि हलक्या हाताने तो गुडघा चेपू लागले.